नेहमी की फक्त एकदाच?

आमच्या घरात कायमस्वरूपी निर्णय घेण्याचे अधिकार मला कधीच नव्हते. आज भाजी कुठली आणायची इथपासून मुलाला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंतचे सगळे ठराव माझ्या गैरहजेरीत मंजूर होत आले, आणि माझी संमती नंतर, तीही आठवण राहिली तर, घेतली जात आली. त्यामुळे परवा सकाळी आमच्या कॉम्प्युटरनं अदबीनं 'ही फाइल कशानं उघडू?' असं विचारून माझ्यापुढे 'नेहमी' आणि 'फक्त एकदाच' अशी दोन बटणं केली, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, प्रश्न हिला विचारलेला असावा. पण ही स्वयंपाकघरात होती. प्रश्न मलाच होता.

'नेहमी' हा शब्द मला उद्देशून यापूर्वी एकदाच वापरला गेला असावा, तो लग्नात. भटजींनी तो संस्कृतात म्हटल्यामुळे त्या वेळी अर्थ कळला नाही.

फाइल होती माझ्या थोरल्या भावाची. दादा जाऊन आता चार वर्षं झाली. 1998 साली शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यानं 'आठवणी' लिहायला घेतल्या होत्या. हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, कारण त्या दिवसांत तो कुणालाही गाठून, "पानशेतच्या पुराच्या दिवशी तू कुठे होतास?" असं फौजदाराच्या थाटात विचारायचा. हातानं लिहिलेली पानं तो गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून कॉम्प्युटरवर चढवून घ्यायचा. पुढे ते पुस्तक काही निघालं नाही. आम्हीही कुणी विचारलं नाही. मूळ वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. आणि यंदा दिवाळीच्या आधी वहिनींनी कपाट आवरायला काढलं, तर साड्यांच्या घडीत एक सीडी निघाली. तीत एकच फाइल. नाव 'आठवणी', पुढे एक टिंब, आणि टिंबापुढे 'पी 65'.

"काका, आमच्याकडे उघडत नाहीये. तुम्ही बघता का?" असं म्हणून पुतणीनं ती मला पाठवून दिली. आमच्या घराण्यात जे कुणाकडेच उघडत नाही ते माझ्याकडे येतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण, जुनी छत्री, पावसाळ्यात फुगलेली खिडकी, आणि आता हे.

तर मी फाइलीवर दोनदा टिचकी मारली आणि ती चौकट उगवली. सोबत उमेदवारांची यादी होती. यादीत कोण असावं? एक चित्रं काढणारा प्रोग्राम, एक गाणी वाजवणारा, एक फोटो दाखवणारा आणि एक साधा मजकूर लिहिणारा, बिचारा कोपऱ्यात उभा. वधुवरसूचक मंडळात मुलीची पत्रिका द्यावी, आणि ती न उघडताच मंडळाच्या बाईंनी त्या दिवशी हजर असलेली सगळी स्थळं रांगेत बसवावीत, तसा प्रकार. एकानंही आमच्या फाइलीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तरी सगळे भांग पाडून तयार! शेवटी त्यातल्या त्यात गरीब म्हणून मी मजकूरवाल्याला पसंत केलं आणि, सवयीनुसार, 'फक्त एकदाच' दाबलं.

पडदाभर चौकोन, चिन्हं आणि उपडी पडलेली अक्षरं पसरली. दादाचं अक्षर वाईट होतं हे मान्य. पण इतकं नव्हतं.

आता एक सांगतो. नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, दिवाळी अंकाचं होतं, हल्ली मिसळीचंसुद्धा होतं. नाटक मी सहा महिन्यांतून एकदा पाहतो. ही चौकट आठवड्यातून चारदा पाहतो. मग तिचंच परीक्षण का होऊ नये? हा कुठल्या मूर्खाचा प्रश्न आहे, आणि तो मलाच का विचारला जातो, याचा मी त्या दिवसापासून पिच्छा पुरवला. चिरंजीव बंगळुरूला याच धंद्यात आहेत. त्यांना इतके फोन केले, की शेवटी ते "बाबा, तुम्हांला बरं नाहीये का?" असं विचारू लागले. त्या अभ्यासाचं हे फलित.

पहिली गोष्ट अशी, की कॉम्प्युटर फाइल उघडून आत काय आहे ते बघत नाही. तो आडनाव बघतो. टिंबापुढची जी दोन-चार अक्षरं, ज्यांना जाणकार एक्स्टेन्शन म्हणतात, तेच हे आडनाव. ही पद्धत गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या 1970 च्या दशकातल्या प्रणालीत होती, आणि 1981 साली आलेल्या एमएस-डॉसनं ती तशीच उचलली. आठ अक्षरांचं नाव, टिंब, तीन अक्षरांचं आडनाव. जागेची टंचाई होती, तेव्हा आठांत भागवणं भाग होतं. मग यंत्राच्या पोटात एक वही ठेवायची. अमुक आडनाव आलं की तमुक प्रोग्रामला हाक मारायची. झालं. 'कुलकर्णी आले? दप्तर द्या. सोनार आले? तराजू द्या.' कुलकर्ण्यांना हिशेब येतो की नाही हे कुणी विचारायचं नाही.

याचा पडताळा कुणालाही घेता येईल. एखाद्या पत्राच्या फाइलीचं आडनाव खोडून तिथे 'जेपीजी' लिहा. कॉम्प्युटर तत्काळ ते पत्र फोटोवाल्याच्या हवाली करतो. फोटोवाला प्रामाणिकपणे प्रयत्न करतो आणि 'फाइल खराब झालेली दिसते' असा शेरा मारतो. पत्र ठणठणीत असतं! त्यातलं एक अक्षरही हललेलं नसतं. पण चूक आपली असेल अशी शंका फोटोवाल्याला येत नाही. हा गुण मी पूर्वी फक्त साहेब लोकांत पाहिला होता.

बरं, आडनावावरच सगळा कारभार चालवायचा, तर ते आडनाव ठळक लिहावं की नाही? तर नाही. 1995 च्या विंडोजपासून अशी प्रथा आहे, की ओळखीच्या फाइलींचं आडनाव मुळात झाकूनच ठेवायचं. मालकाला कशाला त्रास! या सौजन्याचं फळ मे 2000 मध्ये जगाला मिळालं. फिलिपिन्समधून निघालेलं एक 'प्रेमपत्र' ई-मेलमधून घरोघर पोचलं. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' दिसत होतं, म्हणजे निरुपद्रवी मजकूर. खरं आडनाव त्याच्याही पुढे होतं, 'व्हीबीएस', म्हणजे हुकूम सोडणारा प्रोग्राम. पण तेवढंच नेमकं झाकलेलं. जगभरच्या लाखो लोकांनी ते उघडलं. त्यात मोठमोठ्या कचेऱ्यांतले पोक्त अधिकारीही होते. या वयात आपल्याला कोण पत्र लिहितं, अशा उत्सुकतेनं त्यांनी टिचकी मारली, आणि ते पत्र त्यांच्या फायली खात खात त्यांच्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना परस्पर रवाना झालं. माणसाची पारख आडनावावरून करायची आणि आडनावावर टोपी घालायची, असा हा दुहेरी शहाणपणा. पंचवीस वर्षं उलटली तरी ती टोपी अजून तशीच असते. ज्याला हवं त्यानं आपल्या हातानं काढायची.

दुसरं घराणं मॅकिंटॉशचं, 1984 चं. त्यांचा विचार खानदानी. तिथे प्रत्येक फाइलीच्या अंगावर चार-चार अक्षरांचे दोन ताईत बांधलेले असत. एकावर फाइलीचा प्रकार आणि दुसऱ्यावर तिला जन्म देणाऱ्या प्रोग्रामचं नाव. नावात टिंब नको, आडनाव नको. पोरीला कुठेही पाठवा, टिचकी मारली की ती बरोबर माहेरी जाऊन उभी. मला ही कल्पना फार आवडली. एकाच प्रकारच्या दोन फाइली, पण एक ह्या घरची आणि एक त्या घरची, हा फरक तिथे कळत होता. आडनाववाल्यांना तो आजही कळत नाही. पण माहेरच उठून गेलं तर? त्या यंत्रावर मूळ प्रोग्राम नसला, की 'हिला जन्म देणारा सापडत नाही' अशा अर्थाचा निरोप यायचा आणि पोर दारात उभी. शिवाय ही फाइल दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर गेली, की वाटेत ताईत गळून पडत. पुढे ॲपलनंही हळूहळू आडनावं पत्करली, आणि 2009 च्या आवृत्तीपासून माहेरची चिठ्ठी बघणं सोडून दिलं. जग आडनावाचं आहे, एकट्यानं खानदानी राहून भागत नाही.

तिसरं घराणं युनिक्सचं. हे लोक संशयी. आडनाव काय, कुणीही लावील, असं त्यांचं मत. त्यांच्याकडे 'फाइल' याच नावाची एक आज्ञा 1973 सालापासून आहे. ती फाइलीच्या पोटात डोकावते आणि सुरुवातीची अक्षरं वाचून कूळ सांगते. ह्या अक्षरांची मला मोठी मौज वाटली. पीडीएफ फाइलीच्या कपाळी टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' ही अक्षरं कोरलेली असतात. विंडोजच्या प्रोग्रामांची सुरुवात 'एमझेड'नं होते, ही मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची आद्याक्षरं. झिप फाइलीत 'पीके' असतं, तो फिल कॅट्झ. आणि गंमत म्हणजे हल्लीच्या वर्डची 'डॉकएक्स' फाइल घ्या, तिच्याही पोटात 'पीके'च निघतं, कारण ती मुळात झिपचीच एक पिशवी असते. म्हणजे तुम्ही-आम्ही सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहितो, त्याच्या कपाळावर पहिल्या दोन अक्षरांत फिल कॅट्झ बसलेले असतात. पूर्वी पत्राच्या माथ्यावर 'श्री' असायचा.

हे युनिक्सवाले शास्त्रीयदृष्ट्या सगळ्यांत बरोबर. पण माझी तक्रार त्यांच्याकडेही फिटत नाही. फाइल काय आहे एवढं त्यांना कळतं. मला तिचं काय करायचं आहे, हे त्यांनाही कळत नाही. आणि समीक्षक म्हणून माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

आपल्याकडे 'उघडणे' म्हणजे काय, याचा विचार करा. दार उघडलं तर येणाऱ्याला घ्यायला की मांजराला बाहेर घालवायला? आल्बम उघडला तर फोटो बघायला की त्यातला एक काढून पासपोर्टवाल्याला द्यायला? वही उघडली तर वाचायला की लिहायला? तोच फोटो सकाळी मला नुसता बघायचा असतो आणि दुपारी त्यातून व्याह्यांना कापून काढायचं असतं. सकाळचा प्रोग्राम वेगळा, दुपारचा वेगळा. असं असताना 'या प्रकारच्या सगळ्या फाइली नेहमी कशानं उघडू?' हा प्रश्न म्हणजे 'घरातल्या सगळ्या बाटल्या नेहमी कोणाला पाजू?' असं विचारण्यासारखा आहे. एका आडनावाला एक प्रोग्राम जन्मभर बांधायचा, ही या सगळ्या रचनेची मूळ चूक. मॅकमध्ये निदान एकाच फाइलीपुरता वेगळा प्रोग्राम नेमून ठेवता येतो. विंडोजमध्ये 'नेहमी' म्हटलं की त्या आडनावाच्या तमाम पोराबाळांसकट 'नेहमी'.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात! चुकीच्या प्रोग्रामनं उघडली तर बंद करायची आणि दुसऱ्यानं उघडायची. मलाही तसंच वाटायचं. पण उघडणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही. 'सीएसव्ही' नावाची साधी फाइल असते, स्वल्पविराम देऊन लिहिलेली यादी. ज्या कॉम्प्युटरवर एक्सेल आहे, तिथे ती बहुधा एक्सेलमध्ये उघडते. आणि एक्सेल फार मनकवडं. '3-4' असा फ्लॅटचा नंबर दिसला की त्याला तारीख आठवते. दूरध्वनी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य त्याला फुकटचं वाटतं, ते गाळतं. ही झाली आपल्यासारख्यांची गोष्ट. जनुकांवर संशोधन करणाऱ्यांकडे 'मार्च 1' आणि 'सेप्ट 1' अशा संक्षिप्त नावांची जनुकं होती. एक्सेलनं त्यांना प्रेमानं 1 मार्च आणि 1 सप्टेंबर करून टाकलं. ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचांतल्या एका निबंधात अशा चुका सापडल्या, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. मग शास्त्रज्ञांनी काय करावं? 2020 मध्ये त्यांनी त्या जनुकांचीच नावं बदलली! मायक्रोसॉफ्टनं हा मनकवडेपणा बंद करण्याची सोय दिली ती त्यानंतर, 2023 मध्ये. सून वळत नाही म्हणून सासूनं स्वतःचं नाव बदलल्याचं हे विज्ञानाच्या इतिहासातलं बहुधा एकमेव उदाहरण.

आता या 'नेहमी'च्या बटणाची किंमत सांगतो, म्हणजे माझ्यासारख्याच्या हाती ते दिलं जातं यातला गंभीरपणा ध्यानात येईल. माणूस एकदा ठरलेलं सहसा बदलत नाही. दूधवाला पाणी घालतो हे माहीत असून आपण वीस वर्षं तोच ठेवतो. हे व्यापाऱ्यांनी केव्हाच ओळखलं आहे. आयफोनवर आपलाच शोध आपसूक यावा म्हणून गूगलनं ॲपलला एका 2022 सालात सुमारे 20 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. वेबची पानं कुठल्या ब्राउझरनं उघडायची हे लोकांना विचारा, असं युरोपनं मायक्रोसॉफ्टकडून कबूल करून घेतलं होतं. तो प्रश्न 2011-12 मध्ये वर्षभराहून अधिक काळ लाखो लोकांना विचारलाच गेला नाही, म्हणून 2013 मध्ये 56 कोटी 10 लाख युरो दंड बसला. माझ्या घरात मला न विचारता जे ठराव झाले, त्यांचा हिशेब या दरानं केला तर हिच्या नावावर काय रक्कम निघेल, हे मी तिला सांगून पाहिलं. तिनं "आधी गॅसचे पैसे द्या" म्हणून सांगितलं.

टीका करायची तर न्यायानं करावी, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एके काळी कुठलाही प्रोग्राम यंत्रावर आला, की आल्या आल्या त्या वहीत खाडाखोड करून सगळी आडनावं आपल्या नावावर लावून घ्यायचा. गाणी वाजवणारे तीन प्रोग्राम एका घरात आले तर ते एकमेकांची गाणी पळवायचे, आणि काल ज्यानं लताबाईंचं गाणं ऐकवलं तो आज रुसून बसलेला असायचा. हा चोरबाजार थांबवायला मायक्रोसॉफ्टनं 2012 च्या विंडोज 8 पासून त्या वहीला मोहोर लावली. प्रोग्रामनं परस्पर खोडायचं नाही, मालकानंच बदलायचं. हे उत्तम झालं. पण पुढे मालकालाच धाप लागली. मोझिलाच्या प्रमुखांनी 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांना उघड पत्र लिहून तक्रार केली, की लोकांनी केलेली निवड नव्या विंडोजमध्ये पुसली जाते. तर 2021 च्या विंडोज 11 मध्ये नुसता ब्राउझर बदलायचा तर एकेका आडनावापुढे जाऊन वेगवेगळं सांगावं लागू लागलं. हे आडनाव ह्याला, ते आडनाव ह्याला, पुन्हा ते तिसरंही ह्यालाच. लोकांनी आरडाओरडा केल्यावर 2022 मध्ये एक बटण मिळालं. चोरासाठी लावलेलं कुलूप आणि घरच्यांसाठी लावलेलं कुलूप यांत फरक असतो. तो किल्ली कुणाकडे आहे यावरून कळतो.

असो. इतकं ज्ञान मिळवूनही दादाची फाइल मिटलेलीच होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पी 65 म्हणजे पेजमेकर. त्याची शेवटची आवृत्ती 2001 साली आली होती. आणि ते उघडलं तरी मराठी जुन्या फाँटात असणार. तो फाँट नसेल तर सगळं असंच किडामुंगी दिसणार." म्हणजे दोन कुलपं. त्या काळी आजच्यासारखी सगळ्यांची मिळून एक मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर रूढ झालेली नव्हती. ज्याचा फाँट त्याची बाराखडी. एकाच्या 'क'च्या घरात दुसऱ्याचा 'ढ' राहायचा.

शेवटी पेन ड्राइव्ह खिशात घालून अप्पा बळवंत चौकाकडे निघालो. चार दुकानांत विचारल्यावर एका बोळात, जिन्याखाली, एक डीटीपीवाले सापडले. त्यांच्याकडे पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर होता. "याला इंटरनेट देत नाही. नवीन काही शिकवतही नाही," ते म्हणाले. "तुमच्यासारखी माणसं येतात ना, त्यांच्यासाठी ठेवलाय." त्यांनी टिचकी मारली. कुठलीही चौकट आली नाही, कुणी काही विचारलं नाही, आणि दादा पडद्यावर आला.

पहिलंच प्रकरण पानशेतच्या पुराचं. 12 जुलै 1961. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा वडिलांची लोखंडी ट्रंक दादानं डोक्यावर घेऊन माडीवर नेली होती. खाली 'धाकटा' असा माझा उल्लेख होता. मी माडीच्या खिडकीत बसून, "दादा, ट्रंक पोहते का?" असं विचारत होतो म्हणे. मला आठवत नाही, पण मी विचारलं असेन. पुरात ट्रंकेची किल्ली गेली. कुलूप तोडलं तर आत पणजोबांचे कागद, सगळे मोडीत. मोडी घरात फक्त वडिलांना यायची. ते म्हणाले, सवडीनं वाचून दाखवीन. सवड मिळायच्या आत, तीन वर्षांनी, ते गेले.

पुढे दादानं लिहिलं होतं, की ट्रंक उघडी होती आणि कागद बंद. बऱ्याच वर्षांनी तो ते कागद घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळात गेला. तिथे एका मोडीच्या जाणकारानं ते वाचून दिले. पंचवीसांतले बावीस कागद तुपाचे आणि वैरणीचे हिशेब निघाले. उरलेली तीन पत्रं होती, धाकट्या भावानं थोरल्याला लिहिलेली. तिन्हींचा आशय एकच होता: इकडे सर्व क्षेम, पैसे पाठवणे.

मी त्या स्टुलावर बसून किती वेळ वाचत होतो कोण जाणे. डीटीपीवाल्यांनी न विचारता चहा मागवला होता. मग त्यांनीच सगळ्याची पीडीएफ करून दिली. म्हणाले, "यात फाँट पोटातच बसवून देतो. आता कुणीही उघडो." पीडीएफ 1993 साली एका कंपनीच्या घरात जन्मली, पण 2008 पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे तिला उघडायला एकाच दुकानात जावं लागत नाही. माझ्या परीक्षणाचा निष्कर्ष विचाराल तर एवढाच, की फाइल कशानं उघडायची हा प्रश्न उघडताना विचारून उपयोग नाही, तो लिहून ठेवताना विचारायला हवा. ज्याची किल्ली एकाकडेच, ते आज ना उद्या मोडी होतं.

घरी येऊन पीडीएफवर टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट! 'नेहमी' की 'फक्त एकदाच'? मी दादाचं नाव घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा 'नेहमी' दाबलं.

ही मागे उभी राहून बघत होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी विजेचं बिल उघडलं, तर तेही त्याच प्रोग्रामनं, त्याच आकाराच्या खिडकीत, दादाच्या शेजारी येऊन बसलं. पाठोपाठ पॉलिसीचा हप्ता, मग सोसायटीचं परिपत्रक. 'नेहमी' म्हणजे सगळ्यांसाठी 'नेहमी', हे मी वर एवढं समजावून सांगितलं आणि स्वतः विसरलो. बदलणार होतो. पण मग म्हटलं, राहू दे. दादाच्या घरीही आल्यागेल्याला दारातच थांबवायची पद्धत नव्हती.